वरच्या मजल्याची यादी

१

भाडेकरू ठेवावा तर काकूंनीच, असं सगळी गल्ली म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. खाली काकू एकट्या. वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, आणि काकूंच्या दारावरून बाहेरच्या बाहेर वर जाणारा लाकडी जिना. एवढ्याशा जागेवरून लोक एकमेकांना कोर्टात खेचतात. काकूंच्या वरच्या मजल्यावर तीस वर्षांत बारा-तेरा बिऱ्हाडं होऊन गेली, पण एकही तोंड फिरवून गेलं नाही. एका गृहस्थांनी तर बदली झाल्यावर सामान पुढे पाठवलं आणि स्वतः आणखी चार दिवस रिकाम्या खोलीत सतरंजीवर राहिले, उगीच.

हे सगळं मूळचं मालकांचं. मालक म्हणजे काकूंचा नवरा. भाडेकरू त्यांना मालक म्हणायचे, काकूंनी आधी चेष्टेने तसं म्हणायला सुरुवात केली आणि मग तेच नाव तोंडात बसलं. तर या मालकांचे काही नियम होते, आणि गंमत म्हणजे ते त्यांनी भाडेकरूला नव्हे, स्वतःला लावून घेतले होते. तक्रार आली की त्याच घटकेला हत्यारांची पिशवी उचलायची, उद्यावर टाकायचं नाही. वरच्या दाराशी जाऊन दोनदा वाजवायचं आणि थांबायचं. आतून 'या' ऐकू आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, घर आपलं असलं म्हणून काय झालं. आणि आत जायच्या आधी पायपुसण्यावर पाय तीनदा पुसायचे. एकदा एका नव्या जोडप्याच्या दाराशी हा माणूस पिशवी खांद्याला लावून अर्धा तास उभा होता, कारण आत रेडिओ जोरात चालू होता आणि त्यांना वाजवलेलं ऐकूच गेलं नव्हतं. काकू खालून म्हणाल्या, अहो, ढकला ना दार. मालकांनी नुसती मान हलवली आणि उभेच राहिले. वेडेपणाच की हा. पण काकूंना त्या वेडाचं केवढं कौतुक होतं, ते त्यांनी त्यांना कधी सांगितलं नाही.

आणि मालकांची यादी. नवा भाडेकरू यायच्या दिवशी ते वरच्या खोल्यांतून फिरत आणि काय चांगलं, काय मोडकं, सगळं ठळक अक्षरात लिहून काढत. मोडकं आधी लिहायचे. भाडेकरूने ती वाचायची, खाली 'वरीलप्रमाणे सर्व मिळाले' असं लिहून सही करायची, आणि जाताना जागा यादीप्रमाणे परत करायची. तीस वर्षांत एकदाही 'हे आधीपासून होतं की तुम्ही केलंत' असा वाद झाला नाही तो यामुळे.

सहा वर्षांपूर्वी एका सकाळी वरच्या भाडेकरूने जिन्याचा कठडा दोनदा वाजवला. स्वयंपाकघरातला नळ बंद होत नव्हता. काकूंनी नुकता चहा ओतला होता. घोटभर घेऊन जा, त्या म्हणाल्या. दोन मिनिटांत आलो, असं म्हणून मालक पिशवी घेऊन, नेहमीसारखा डावा पाय किंचित फरफटत निघाले आणि सातव्या पायरीवर बसले. बसले ते बसलेच. तीस वर्षांत ते ज्या हाकेला पोहोचले नाहीत, अशी ती एकच.

२

त्यानंतर काकूंनी एकटीने घर सांभाळलं, आणि फक्कड सांभाळलं. वरचा नळ बदलून घेतला. खिडकीची तडकलेली काच बदलली. दारामागच्या जुन्या खुंट्या काढून त्या जागी लोखंडी आकडे लावले. जिन्याची सातवी पायरी करकरायची, तो आवाज त्यांना सहन होईना, म्हणून सुताराला बोलावून ती पायरीच नवी बसवली.

एकच गोष्ट त्यांना जमली नाही, ती म्हणजे नवी यादी करणं. मालकांच्या हातची शेवटची यादी होती, तिचीच झेरॉक्स काढून त्या प्रत्येक नव्या भाडेकरूपुढे ठेवायच्या. त्या अक्षरावर काट मारायला हात धजावत नव्हता. सहा वर्षांत चार भाडेकरू आले, चौघांनी न वाचता सही ठोकली. सही करताना वाचतंय कोण?

पाचवे आले ते मापवाले. दुकानादुकानांतून तराजू आणि वजनं तपासून त्यांवर शिक्का मारायचा, हे त्यांचं सरकारी काम. पन्नाशीचे, एकटे, कपड्यांना कडक इस्त्री, बरोबर मखमलीच्या खणांत ठेवलेली पितळी वजनांची पेटी. त्यांनी यादी हातात घेतली आणि सही करायच्या आधी सगळ्या खोल्यांतून एक एक नोंद पाहत फिरले. पाऊण तास. काकू दारात उभ्या राहून मनातल्या मनात म्हणत होत्या, वा, असा माणूस मालकांना भेटायला हवा होता.

मग ते परत आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले की चार नोंदी जुळत नाहीत. तीन, सहा, आठ आणि अकरा. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुधारून देते, त्या पुटपुटल्या. घाई नाही, ते म्हणाले, मी दर रविवारी एकदा पाहत जाईन, जुळलं की खूण करीन. आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'वरीलप्रमाणे सर्व मिळाले'. सवय दांडगी.

जाता जाता त्यांनी विचारलं, मालक खालीच असतात ना? काकू म्हणाल्या, हो, असतात की. एकट्या बाईने नव्या भाडेकरूला आपण एकट्या आहोत हे पहिल्या दिवशी सांगू नये, हे तर कोणीही सांगेल. पुढे कधीतरी सांगू, असं त्यांनी ठरवलं आणि ते राहूनच गेलं.

३

मापवाल्यांना नावं ठेवायला जागा नव्हती. जिना स्वतः झाडत. मोठ्याने बोलणं नाही, पाहुणे नाहीत, भिंतीत खिळा नाही. काकूंच्या दारावरून जाताना चपलांचा आवाज होऊ नये म्हणून पाऊल हलकं टाकत. काकू शेजारणीला सांगायच्या, अहो, वर माणूस आहे असं वाटतच नाही. हे वाक्य त्यांनी कौतुकाने म्हटलं होतं.

महिनाभराने एक सरकारी पत्र चुकून खाली आलं, ते द्यायला त्या वर गेल्या. मापवाले स्वयंपाकघरात हात धूत होते. त्यांनी नळ बंद केला. टप. टप. टप. आणि मग शांत.

काकू पत्र हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. यादीतली तिसरी नोंद त्यांना तोंडपाठ होती. 'स्वयंपाकघरातील नळ बंद केल्यावर तीन थेंब गळतो, मग थांबतो.' पण तो नळ जुना. आता होता तो चकचकीत, नवा, त्यांनी स्वतः दुकानात उभं राहून निवडलेला. त्यांनी पुढे होऊन पाहिलं. नळ पितळेचा होता, काळवंडलेला, आणि त्याच्या मानेभोवती निळ्या सुतळीचे वेढे होते. ही सुतळी मालकांनी गुंडाळली होती. शेवटाला त्यांची ती आडवी गाठ.

प्लंबर आला. त्याने नळाकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि म्हणाला की हा बसवून वीस वर्षं तरी झाली असतील, आणि मजबूत आहे, कशाला बदलता? सहा वर्षांपूर्वी तुम्हीच नवा बसवला होता ना, काकूंनी विचारलं. त्याने डोकं खाजवलं. शंभर घरचे नळ बसवणारा माणूस, त्याला काय आठवणार?

काकूंनी खाली येऊन फाइल काढली. पावत्या जपून ठेवायची शिस्तही मालकांचीच. नळाची पावती जागेवर होती, तारखेसकट. काकूंनी ती तीनदा वाचली आणि पुन्हा जागेवर ठेवली. आपण नळ विकत घेतला आणि बसवायचा विसरलो, असं झालं असेल. होतं असं, वयाने. मग घेतलेला नळ घरात कुठेतरी असायला हवा, म्हणून त्यांनी दोन दिवस सगळी कपाटं उपसली. मिळाला नाही.

४

पुढच्या महिन्यात हॉलच्या खिडकीच्या काचेला कोपऱ्यात तडा गेलेला दिसला, खालून रस्त्यावरूनही दिसत होता. जुना तडा होता तसाच, खालून वर जाऊन डावीकडे वळलेला. त्यानंतर दारामागचे आकडे गेले आणि चार लाकडी खुंट्या आल्या, त्यांतली तिसरी सैल. काकूंनी ती हलवून पाहिली. ती नेमकी तेवढीच हलली.

मग एका सकाळी त्या भाजी निवडत बसल्या होत्या आणि मापवाले कामावर निघाले. जिन्यावर त्यांची हलकी पावलं. वरून उतरत उतरत ती सातव्या पायरीवर आली आणि पायरी करकरली.

काकूंच्या हातातली सुरी खाली पडली. तो आवाज त्या सहा वर्षांत विसरल्या नव्हत्या. त्या धावत बाहेर गेल्या, आणि मापवाल्यांना त्यांनी जिन्याच्या पायथ्याशीच अडवलं. वर तुम्ही काही बदललंत का, असं त्यांनी सरळ विचारलं. नेहमी माणसाशी गोड बोलणाऱ्या काकूंचा आवाज चढला होता.

मापवाले मुळीच रागावले नाहीत. "काकू, मी कशाला हात लावीन?" ते म्हणाले. "माझं काम पाहायचं. जुळलं की खूण करायची. दुकानातसुद्धा मी वजनाला हात लावून ते बरोबर करत नाही, मी फक्त बघतो. आणि बघायला कोणी आहे म्हटलं, की वस्तू आपली आपण नीट राहते."

त्यांनी खिशातून यादी काढली. तेरा नोंदींसमोर तेरा खुणा, एकसारख्या. खरं सांगायचं तर ते पान बघून काकूंना पहिल्यांदा भीती नाही वाटली, कौतुकच वाटलं. इतक्या वर्षांत त्या अक्षराकडे कोणी असं लक्ष देऊन पाहिलं नव्हतं.

"एकच राहिलंय," मापवाले म्हणाले. "चौदावं. पण तसा प्रसंगच आला नाही अजून. काही अडलेलं नसताना उगीच वाजवणं बरं नाही दिसत."

ते गेल्यावर काकूंनी आत येऊन आपली प्रत उघडली. चौदावी नोंद त्यांनीही कधी नीट वाचली नव्हती, कारण ती वाचायची गरजच नव्हती. मालकांच्या ठळक अक्षरात लिहिलं होतं: 'मालक तळमजल्यावर राहतात. काही अडलं तर जिन्याचा कठडा दोनदा वाजवावा. येतात.'

५

त्या दिवसापासून काकूंनी वरच्या मजल्याची अशी काही निगा राखली, की विचारू नका. मापवाले कामावर गेले की रीतसर परवानगी घेतलेल्या दिवशी त्या वर जात आणि वाजवायला कारणच उरू नये अशा बेताने सगळं ठाकठीक करत. बिजागऱ्यांना तेल. खिडक्यांच्या कड्या. बटणं. गळतीची एखादी शंका आली तरी प्लंबर हजर. प्लंबरने हात टेकले. काकू, अहो, बिघडू तरी द्या, तो म्हणाला.

शेजारीपाजारी तोंडभरून बोलायचे. घरमालक असावा तर असा. काकू हसायच्या आणि आत जाऊन बसायच्या, जिन्याकडे कान लावून. कठड्यावर पक्षी बसला तरी उठून दारात यायच्या.

पण भीती ही एकच गोष्ट नव्हती, आणि इथेच खरी गोची होती. एका दुपारी त्या वरच्या दाराच्या कडीचा स्क्रू पिळत होत्या. बराच वेळ पिळत होत्या. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण तो घट्ट करत नाही आहोत, सैल करतोय. स्क्रू ड्रायव्हर तिथेच टाकून त्या खाली आल्या आणि खूप रडल्या. सहा वर्षं झाली होती त्या माणसाला जाऊन. त्याचं एक काम अर्धं राहिलं होतं आणि त्याचा चहा तसाच राहिला होता. तो यावा असं वाटणं, आणि तो येईल या विचाराने हातपाय गार पडणं, दोन्ही एकाच छातीत. कोणाला सांगायचं हे?

लेकीला तर मुळीच नाही. लेक दुसऱ्या गावी, नोकरीची. आईने एकटीने राहू नये यावरून दोघींची वर्षभर जुंपली होती, आणि शेवटी तोडगा निघाला होता तो असा: आईला सगळं नीट आठवतंय, नीट झेपतंय, तोवर घर आईचं. जिथे आठवणीचा घोटाळा दिसेल तिथे आई मुकाट्याने सामान बांधेल आणि लेकीकडे येईल. काकूंनी ते कबूल केलं होतं. त्यांना स्वतःवर भरवसा होता.

६

करार संपायला दोन दिवस राहिले तेव्हा लेक आली. नवा करार करून देते म्हणाली. कामाची पोर, थेट बापावर गेलेली. वर गेली तर दार उघडं असूनही तिने दोनदा वाजवलं आणि 'या' येईपर्यंत थांबली. काकूंनी खालून ते ऐकलं आणि त्यांना अभिमान वाटला.

लेकीने मोबाइलवर वरच्या खोल्यांचे कोपरान् कोपऱ्याचे फोटो काढले. हल्ली असंच करतात, ती म्हणाली, यादी छापील, फोटो जोडून, दोघांच्या सह्या, वाद नको. मग नळाजवळ आल्यावर ती थांबली.

"आई, हा नळ तू बदललास असं मला फोनवर सांगितलं होतंस ना?"

काकूंनी मापवाल्यांकडे पाहिलं नाही. "नाही गं," त्या म्हणाल्या. "राहूनच गेलं."

लेकीने नळाचा आणखी एक फोटो काढला. भांडली असती तर बरं झालं असतं. खाली उतरताना सातवी पायरी करकरली, तेव्हा तिने मागे वळून पायरीकडे आणि मग आईकडे पाहिलं, इतक्या मायेने पाहिलं, की आईनेच जुनं सगळं परत बसवून घेतलं आणि ती विसरली असं तिने धरलंय, हे काकूंना कळलं. पायरी बदलली त्या दिवशी लेक इथेच होती. सुताराला पाणी तिनेच दिलं होतं.

रात्रीच्या जेवणापर्यंत सगळं ठरून गेलं. उद्या सकाळी अकरा वाजता मापवाल्यांची नव्या यादीवर सही. वरच्या मजल्याचं पुढचं सगळं एक एजंट बघेल. आणि आईने महिनाअखेर लेकीकडे यायचं, कायमचं. नव्या यादीची चौदावी नोंद लेकीने वाचून दाखवली: 'तक्रारीसाठी खालील क्रमांकावर फोन करावा.' पुढे एजंटचा नंबर होता.

काकू बरं म्हणाल्या. खरं तर सुटकाच झाली होती. उद्या अकरानंतर जुन्या यादीला काही अर्थ उरणार नव्हता, आणि कठडा वाजला तरी त्या हाकेला यायला कोणी बांधलेला नव्हता. एवढं सोपं होतं ते. त्या रात्री त्यांना झोप चांगली लागली, पण सकाळी जाग आली ती कोणीतरी गेल्यासारखी.

७

सकाळी दहाला लेक नवी यादी छापून आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. काकूंनी चहा टाकला आणि दोन कप काढून ठेवले, एक लेकीचा. ऊन खिडकीतून टेबलावर आलं होतं. रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

जिन्याचा कठडा वाजला. दोनदा.

अशा वेळी काय करायचं ते काकूंचं ठरलेलं होतं. उठायचं, वर जायचं, 'बोला, काय झालं' म्हणायचं, आणि गोष्ट तिथेच मिटवायची. त्यांनी टेबलावर हात टेकले. पण त्या उठल्या नाहीत. न उठण्याचं त्यांनी ठरवलं असंही नाही. फक्त अजून एक क्षण बसू, असं त्यांना वाटलं, आणि तेवढा क्षण पुरला.

जिन्याखाली भिंतीला एक खुंटी होती. हत्यारांची पिशवी सहा वर्षं तिथेच लटकत होती, कोणी हलवली नव्हती. ती उचलल्याचा आवाज झाला. आतले पाने एकमेकांवर आपटले, आणि ती खांद्याला लागली तसे गप्प झाले.

मग पावलं. उजवं नीट पडायचं, डावं किंचित फरफटायचं. काकू खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या आणि त्यांनी मान वळवली नाही. एक. दोन. शेजारच्या घरचं असेल, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. शेजारच्या घराला जिना नव्हता. चार. पाच. लेक परत आली असेल आणि वर जात असेल. लेक कधीही डावा पाय फरफटत नव्हती. सहा.

सातवी पायरी करकरली आणि सगळं थांबलं.

काकूंनी डोळे घट्ट मिटले. चहाला उकळी येत होती. या पायरीवर त्यांचा सगळा संसार सहा वर्षं बसून होता. उठा हो, त्या मनात म्हणाल्या. एवढं एक काम पुरं करा तुमचं. उठा.

आठवी पायरी वाजली. मग नववी.

काकूंच्या डोळ्यांतून धारा लागल्या. भीती कुठे गेली ते त्यांचं त्यांना कळलं नाही. वरच्या दारावर दोनदा वाजलं. मग तेच ते थांबणं, आतून 'या' येईपर्यंतचं. मग मापवाल्यांचा आवाज ऐकू आला, अगदी स्पष्ट: "या, मालक."

वर बराच वेळ पान्याचे ठोके येत राहिले. घाईचे नव्हते. काकूंनी हात लांबवून चहाखालचा गॅस बारीक केला, आणि त्या ते ऐकत मान डोलावत होत्या. काय हात होता त्या माणसाचा.

८

पावलं खाली उतरली तेव्हा ती दोघांची होती. हलकी पुढे, जड मागे.

मापवाले खिडकीशी आले. कामावर जायच्या कपड्यांत, पेटी हातात. त्यांनी यादी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून पेनाने चौदाव्या नोंदीसमोर खूण केली आणि समाधानाने पाहिलं.

"नळ अजिबात बंद होत नव्हता," ते म्हणाले. "आता पुन्हा तीनच थेंब. काम सुरेख करतात हो मालक. बोलत नाहीत, पण काम सुरेख." मग पेन खिशाला लावता लावता ते काकूंच्या दाराकडे वळून बघत म्हणाले, "दाराशी उभे आहेत. आत बोलवत नाही का त्यांना?"

आणि अकराला येतो सहीला, असं सांगून ते गेले.

तेव्हा काकूंना चौदाव्या नोंदीचं पहिलं वाक्य आठवलं. आजवर त्या शेवटच्या एका शब्दालाच घाबरत होत्या, 'येतात'. पण त्याआधीही काही लिहिलं होतं. मालक तळमजल्यावर राहतात. आणि मापवाल्यांनी खूण केली होती ती सबंध नोंदीला.

दारावर दोनदा वाजलं.

दाराखालच्या फटीतून ऊन आत यायचं. त्या उजेडात आता दोन काळे पट्टे होते, एक सरळ, एक बाहेर वळलेला. ते हलत नव्हते. काकूंना ठाऊक होतं की ते हलणारही नाहीत. 'या' म्हटल्याशिवाय हा माणूस पाऊल टाकणार नाही, अर्धा तास नाही की दिवसभर नाही, घर त्याचंच असलं तरी. दार ढकलणं त्याला आयुष्यात जमलं नाही. अजूनही नाही जमलं. हे असं कुठून तरी परत यायचं, आणि तरी परवानगीसाठी थांबायचं.

गप्प बसलं तरी चालण्यासारखं होतं. घड्याळात साडेदहा. अर्ध्या तासात सही झाली की हे सगळं मिटेल, फटीत पुन्हा नुसतं ऊन पडेल. कोपऱ्यावरून लेकीचा आवाज आला, दुकानदाराशी काहीतरी बोलत ती निघाली होती. हातात नवी यादी असणार.

काकूंनी पदराने तोंड पुसलं. समोरच्या खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचलून बाजूला ठेवलं. आवाज साधा निघावा म्हणून एकदा घसा साफ केला.

"या," त्या म्हणाल्या. "दार उघडंच आहे."

बाहेर पायपुसण्यावर पाय घासल्याचा आवाज झाला. एकदा. दोनदा. तीनदा. काकूंनी लेकीसाठी काढलेला कप समोर ओढला.

चौथ्यांदा. पाचव्यांदा.

मग काकूंनी मोजायचं सोडून दिलं; जिथून ते आले होते तिथली माती तीनदा पुसून निघणारी नव्हती. बाहेर पाय पुसणं चालूच होतं, शांतपणे, नीट, घरात माती येऊ नये म्हणून. काकूंनी चहा गाळायला घेतला.